खुटबाव फाट्यावरचं फॉलिन

छाती माझ्या पोराची नव्हती. तोंड त्याचं, मानेखालचं सगळं कुणा परक्याचं. दौंड स्टेशनाबाहेर रिक्षांच्या डोक्यावर बांधलेला तो फ्लेक्स बघून मी रस्त्यातच थबकलो, तर मागच्या स्कूटरवाल्यानं आईवरून शिवी घातली. ती मी ऐकून घेतली, चूक माझीच होती. वर पृथ्वीराज, माडीएवढा. अंगात कुठल्याशा परदेशी शिपायाचा गणवेश, हातात आपल्या फौजेत कुणी कधी न पाहिलेली बंदूक, गालांवर काळे पट्टे. मागं दोन रणगाडे, एक हेलिकॉप्टर, जाळ, आणि त्या जाळातून हात जोडून हसत बाहेर आलेले आमचे पोपटराव. ‘खुटबावचा वाघ. सेवापूर्तीनिमित्त भव्य नागरी सत्कार.’ खाली शुभेच्छुकांची तोंडं एवढी, की एक कंपनी सहज उभी राहिली असती. फक्त त्या कंपनीला पाटसपर्यंत चालत जा म्हटलं असतं, तर निम्मी दौंड सुटायच्या आधी कुरकुंभ मोरीतच बसली असती. सेवापूर्ती म्हणे. सेवा पुरी होते ती माझ्यासारख्याची. गुडघे जातात, कान जातो, गावाकडं आपल्याला ओळखणारी माणसं मरून गेलेली असतात, तेव्हा सेवा पुरी होते. हे पोर बावीस वर्षांचं. चार वर्षांच्या बोलीवर घेतलेलं. चारांतला एक ठेवतात, बाकीच्यांना घरी पाठवतात, आणि हा त्या एकात नव्हता. नापास झालेल्या पोराची हत्तीवरून साखर वाटायची, असला प्रकार. पण पोपटरावांना जिल्हा परिषदेला उभं राहायचं होतं, आणि वाघ तर पाहिजेच होता.

फ्लेक्सच्या कोपऱ्यात दुकानाचं नाव होतं. जवळच होतं, गेलो. गोकुळ नावाचा चष्मेवाला माणूस संगणकासमोर बसून कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फोटोतलं पोट आत घेत होता.

“हे अंग कुणाचं हाय?” मी विचारलं.

“कुठलं, मामा?”

“खुटबावच्या वाघाचं.”

“नेटवरचं हाय. अमेरिकेचं आसंल.” त्यानं मान वर न करता सांगितलं. मग माझ्याकडं नीट बघितलं. “तुम्ही वडील का? बसा की. आवो, फोटो दिला व्हता, पर त्यात ते लई बारीक दिसत व्हते. साधा टी-शर्ट, गळ्यात पट्टा, हातात रिमोट. पोपटराव म्हणले, ह्यो फौजी वाटंना, वायरमन वाटतोय.”

मी बसलो नाही. वायरमन हा शब्द मागच्या वर्षी मीच वापरला होता, माझ्याच घरात, जेवणाच्या ताटावर. पोपटराव आणि माझं जगात एका गोष्टीवर एकमत व्हावं याची मला किळस आली. बाहेर येऊन चहा घेतला, तोही पाणचट निघाला. टपरीवरच्या टीव्हीवर टाय लावलेला कुणी एक जण नकाशावर बोट ठेवून ब्रिगेड पुढं सरकवत होता, आणि बाकावरची माणसं वडापाव खात त्याला माना डोलवत होती. उचलली जीभ, लावली टाळ्याला. यातल्या एकाला विचारा, बाबा, ब्रिगेड म्हंजी किती माणसं? आ वासतील. फौज म्हणजे बंदुका नव्हेत, फौज म्हणजे मांडणी. दहा माणसांचा एक सेक्शन, तीन सेक्शनांची प्लॅटून, तीन प्लॅटूनींची कंपनी, तशा कंपन्या मिळून पलटण, पलटणी मिळून ब्रिगेड. हे पाढे नाहीत. दहाच का, तर गोळीबार चालू असताना एका माणसाचा आवाज दहा जणांपर्यंतच पोचतो, आणि अंधारात एक माणूस दहा जणांच्याच खोकण्यावरून कोण कुठं आहे ते सांगू शकतो. मी सांगायचो. वर बर्फातल्या चौकीवर आम्ही एकमेकांना चिकटून झोपायचो, एकानं कूस बदलली की सगळी ओळ कूस बदलायची. आणि सकाळी फॉलिन, ओळी लावून उभं राहायचं. डावीकडं निमोण्याचा म्हाळू, उजवीकडं कोल्हापूरकडचा एक पैलवान. दोन्ही खांद्यांना माणूस लागला की भीती आपोआप खाली बसते, हे मला कुणी शिकवलं नाही, माझ्या खांद्यांना कळलं. म्हाळूचा खांदा मला जितकी वर्षं लागलाय तितकी माझ्या बायकोचा, सवितेचाही लागला नसेल. ती बिचारी तशीही खुटबावला आणि मी जगभर.

आता मी शिरूरला राहतो, एका सोसायटीत, जिथं शेजारच्याचं नाव पाटीवरून कळतं. रांजणगावच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर माझ्या हाताखाली गार्ड दिलेत. निळा शर्ट, खांद्यावर दोरी, कमरेला शिट्टी, आणि आत माणूस नाही. पहिल्याच दिवशी मी त्यांना तीन ओळींत उभं केलं, तर बिहारकडचा एक जण म्हणाला, “साहब, लाइन काहे को? यहाँ कौन सा जंग है?” त्याचं बरोबर होतं. तिथं जंग नव्हती, पाच वाजता सुटणारी बस होती, आणि त्या बससाठी मात्र ते न सांगता रांगेत उभे राहायचे. मॅनेजर मला अंकल म्हणतो. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली, लोकांनी मला ‘साब’ म्हटलं, आणि आता कालपरवा चड्डीत फिरणारा मॅनेजर अंकल म्हणतो, आणि मी व्हय साहेब म्हणतो. थू असल्या जिण्यावर. पण मी बोलत होतो पृथ्वीराजबद्दल. त्याच्याबद्दल बोलायला लागलो की माझं मन असं भलतीकडं जातं.

तो पायदळात लागला तेव्हा मी आख्ख्या आळीला पेढे दिले. वाटलं, आता ह्याला सेक्शन मिळेल, ह्याच्या दोन्ही बाजूंना माणूस उभा राहील, आयुष्यभराची सोय झाली. आणि मग पोरगं पहिल्या सुट्टीला आलं ते सांगत आलं, की पलटणीत आता ड्रोनची वेगळी प्लॅटून असते, आणि मला तिच्यात घेतलंय. प्लॅटून कसली डोंबलाची. तिघांची टोळी. एक जण उडवतो, एक जण चष्म्यातून बघतो, एक जण बॅटऱ्या वाहतो. कंपनीपासून लांब, कुठल्याशा बांधाआड खड्ड्यात. सकाळचं फॉलिन नाही. लंगरच्या पंगतीला बसणं नाही, जेवण डब्यात, तेही एकेकट्यानं. एक टोळी इथं, दुसरी पार ओढ्यापलीकडं, मधे कुणी नाही. मी विचारलं, मग तुमचा हवालदार तुम्हाला ओरडतो कुठनं? तर म्हणाला, “आप्पा, ओरडत न्हाईत. मेसेज येतो.” गेल्या वर्षी तो परत आला, सीमेवरची ती लढाई होऊन गेल्यावर. सवितानं पिठलं-भाकरी केली होती, आणि मी म्हटलं, म्हंजी तू वायरमन. न्हाईतर पतंगवाला. शिपाई तो, ज्याच्या शेजारी शिपाई हाय. त्यानं हातातला तुकडा ताटात ठेवला, हात धुतले, आणि सुट्टी शिल्लक असताना निघून गेला. तेव्हापासून माझ्याशी एक शब्द नाही. मी खोटं काय बोललो? अजूनही सांगतो, खोटं काही बोललो नाही.

परवा सवितेचा फोन आला. ती कधी ओरडत नाही, हळू बोलते, त्यानं जास्त लागतं. म्हणाली, “त्यो म्हणतोय, आप्पा काय बोलणार आसतील तर मी दौंडला उतरतच न्हाई. तसाच गाडीत बसून पुण्याला जातो. तिथनं कुठंबी जाईन, पर घरी येणार न्हाई. आवो, मला एकच लेकरू हाय. तुम्ही एक दिस मुकं व्हा.” मी म्हटलं, होतो मुका. त्यात काय. आणि मग सगळी रात्र शिरूरच्या त्या खोलीत पंख्याकडं बघत पडलो. मुका होतो म्हटलं, पण मुक्यानं पोराला काय द्यायचं? पोपटराव तर माझ्या मागंच लागले होते, सुभेदार, तुम्ही बाप म्हणून दोन शब्द बोला. बोललो की पोरगं गेलं. गप्प बसलो, तर तो समजणार आप्पाच्या मनात अजून तेच आहे. तेही खोटं नव्हतं. पण पोरगं घरी यायला हवं होतं. त्याची खोली त्याच्या आईनं दोनदा सारवून घेतलेली, आणि मी साठीला टेकलेला, आणि त्या घरात आम्ही दोघं मेल्यावर कुणी कडी लावायला नाही.

पहाटेकडं मला सुचलं. शब्द माझा प्रांत नव्हेच. माझा प्रांत मांडणी. मी पोपटरावांना सांगितलं, भाषण न्हाई. तालुक्यातले माजी सैनिक फाट्यावर फॉलिन करतो, मानवंदना देतो. ते खूश, कारण तसला व्हिडिओ कुणाकडं नव्हता. त्यांना मी एक गोष्ट सांगितली नाही. फौजेत शिपाई सुभेदाराला आधी सलाम ठोकतो, उलट कधीच होत नाही. आज उलट होणार होतं. मी सगळ्यांच्या पुढं उभा राहून त्या ड्रोनवाल्या पोराला आधी सलाम ठोकणार होतो. बाकी जग त्याला मिरवणूक समजेल, पण त्याला कळेल. चार वर्षं का होईना, गणवेश घातलेल्या माणसाला ते कळल्याशिवाय राहत नाही.

म्हणून मी स्टेशनात गेलो नाही. पोपटरावांची पांढरी गाडी त्याला घ्यायला आत गेली, आणि मी चहाचा ग्लास ठेवून वडापच्या जीपनं खुटबाव फाटा गाठला. तिथं आमची फौज जमली होती. काय फौज! एकाचं बटण लागत नव्हतं, एकानं पदकं उलटी टाचलेली, कासुर्डीचे एक हवालदार चपला घालून आलेले. म्हणाले, “बुटात पाय जाईना, सुभेदार, मधुमेह हाय.” गुऱ्हाळाचा धूर सगळ्या रस्त्यावर पसरलेला, त्यात डीजेवाला स्पीकर तपासत होता, आणि बाजूनं उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या. मी मनातल्या मनात एकेकाला धुऊन काढलं. म्हाळू आला, तो तेवढा ताठ होता. मी म्हटलं, तीन ओळी. खांद्याला खांदा. फट दिसली तर बघा. आणि आवाज दिला. गेटवर बारा महिने घसा खरवडून जो आवाज निघत नव्हता तो निघाला. ती पोटं आत गेली. हनुवट्या वर आल्या. चपलावाले हवालदारसुद्धा अचानक कुणीतरी दिसायला लागले. तीन ओळी अशा लागल्या, की मधून मांजर गेलं नसतं. मला भरून आलं, हे मी कबूल करतो, आणि त्याचा रागही आला. गावातली माणसं, बाया, शाळेतली पोरं दोन्ही बाजूंनी दाटली. पोपटरावांच्या माणसांनी त्यांना आणखी पुढं ढकललं, फोटोत गर्दी दिसावी म्हणून.

गाडी आली. पृथ्वीराज उतरला. खरंच बारीक होता, गोकुळ खोटं बोलला नव्हता. साधी पँट, साधा शर्ट, पाठीवर पिशवी. सगळे त्याच्याकडं बघत होते आणि तो कुणाकडंच बघत नव्हता, तो वर बघत होता. मी तीन पावलं पुढं झालो, परेडला सावधान केलं, आणि हात कपाळाला नेला. असा सलाम मी जनरलला दिला नसेल. तेवढ्यात पोपटरावांनी माईक ओढला. “आन् आता, आपल्या वाघासाठी आकाशातनं पुष्पवृष्टी!” उसामागून भुणभुण उठली. फवारणीचा मोठा ड्रोन, टाकीच्या जागी झेंडूच्या पाकळ्यांची जाळी, सरळ आमच्या ओळींच्या डोक्यावर येऊन थांबला. पोरं ओरडली. फोन वर झाले. माझा हात कपाळालाच होता, आणि समोरून सलामाचं उत्तर येत नव्हतं. मला वाटलं, झालं. हा अजून रुसलाय. एवढ्या लोकांत माझा हात असाच टांगून ठेवतोय.

तो माझ्याकडं आला, झपाट्यानं. अगदी जवळ. तोंडावर काहीही हावभाव नाही. हळू बोलला.

“आप्पा, पांगवा ह्यांना.”

मी हात खाली घेतला.

“माणसं पांगवा. सगळी एका जागी हायत. आत्ता पांगवा, पाया पडतो तुमच्या.”

घाबरलेला माणूस मला कळतो. मी पुष्कळ बघितलेत, काहींच्या थोबाडीत मारून त्यांना उभं केलंय. हा घाबरलेला नव्हता. त्याचे डोळे त्या ड्रोनवर होते आणि ओठ काहीतरी मोजल्यासारखे हलत होते, आणि तो विनंतीचे शब्द वापरून मला हुकूम देत होता. माझ्या पोरानं, बावीस वर्षांच्या, सुभेदाराला. त्या क्षणी डोक्यात काय आलं ते मला धड सांगता येणार नाही. फुलं आहेत रे, वेड्या, असं जिभेवर आलं होतं. पोपटराव तर माईकवरूनच म्हणाले, “आरं फुलं हायत ती, फुलं! वाघ फुलांना भ्यायला का काय?” आणि सगळा फाटा हसला. बाया हसल्या, पोरं हसली, डीजेवाला हसला. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. ह्यांच्यातल्या एकाला काही माहीत नव्हतं. मलाही माहीत नव्हतं. पण ज्याला माहीत होतं तो माझ्यासमोर उभा होता.

मी वळलो. “परेड, लाइन तोड!”

कुणी हललं नाही. सलामी अर्धी असताना लाइन तुटत नाही, हे त्यांना माझ्यासारख्यांनीच शिकवलेलं. “पांगा,” मी ओरडलो. “एकेकटे. उसात शिरा. दोघं एका जागी दिसलात तर चामडं सोलीन.” आधी म्हाळू निघाला. का म्हणून विचारलं नाही. त्याच्यामागं दुसरा, तिसरा. ती पोटं, ते उलट्या पदकांचे म्हातारे, ते मधुमेहवाले हवालदार एक चप्पल रस्त्यात सोडून, सगळे वेगवेगळ्या दिशांना धावले आणि उसाच्या सरींमध्ये दिसेनासे झाले. एकानंही मागं वळून कारण विचारलं नाही. मग मी गर्दीकडं गेलो, लोकांना ढकललं, एका पोराच्या पाठीत धपाटा घातला, एका बाईला दंडाला धरून बाजूला केलं. ती म्हणाली, सुभेदार पिऊन आल्याती. पिऊन तर पिऊन. लोक मागं सरले, शिव्या देत सरले. जाळी उघडली तेव्हा झेंडूच्या पाकळ्या मोकळ्या रस्त्यावर पडल्या, आणि थोड्या पोपटरावांच्या डोक्यावर. ड्रोन भुणभुणत उसामागं उतरला. आवाज थांबला. पोपटराव माईक हातात धरून माझ्याकडं असे बघत होते, जणू मी त्यांच्या ताटात थुंकलो होतो. त्यांच्यावर शब्द घालवायची माझी इच्छा नव्हती.

पृथ्वीराज रस्त्यापलीकडं गेला होता, कालव्याच्या पुलापाशी, बाभळीखाली. एकटा. हात गुडघ्यांवर टेकून वाकून उभा होता. मी त्याच्याकडं निघालो, तर त्यानं न बघताच तळहात वर केला. थांबा. मी रस्त्याच्या अलीकडंच थांबलो. मधून उसाची एक ट्रॉली गेली, तिची धूळ बसेपर्यंत दोघंही तसेच.

मग तो बोलला. मोठ्यानं नाही, पण ऐकू येईल असं. “मी वरनं बघत व्हतो, आप्पा. चष्म्यातनं. आपलीच पोरं. चहा आला व्हता, तर सगळी भांड्याभवती जमली. हसत व्हती. मी लांब, खड्ड्यात. मेसेज टाकला, पांगा म्हणून. कुणी फोनकडं बघंना. चहा पीत व्हती.” तो सरळ उभा राहिला. “त्यांचा ड्रोन आला, त्योबी मला वरनंच दिसला. सगळं दिसलं. आवाज तेवढा आला न्हाई.”

अठ्ठावीस वर्षं मी माणसांना एकमेकांना चिकटवत आलो. खांद्याला खांदा, फट दिसली तर बघा. त्याच्या टोळीतला तो बॅटऱ्या वाहणारा पोरगा चहाला गेला असणार. मी विचारलं नाही. मला त्याला धरायचं होतं. नुसतं धरायचं, पाठीवर हात टाकून, म्हाळूला धरावं तसं. तो लहान असताना कधी धरल्याचं मला आठवेना, मी तेव्हा कुठं होतो ते आठवत होतं.

“घरी आई एकटीच हाय?” त्यानं विचारलं.

“व्हय.”

“मग चला. मी येतो.” मी रस्ता ओलांडायला पाय उचलला, तसा तो म्हणाला, “तसं नको. तुम्ही म्होरं व्हा, आप्पा. मी मागनं येतो.”

मी कालव्याकडेच्या पायवाटेनं निघालो. मागं डीजे सुरू झाला, पोपटराव काहीतरी सांगत होते, लोकांना पुन्हा एका जागी बोलवत होते. मी वळून पाहिलं नाही. पृथ्वीराज येत होता, त्याचे बूट मुरमावर वाजत होते, त्यावरून तो किती मागं आहे ते मला नीट कळत होतं. पुलापासून थोडं पुढं गेल्यावर मी चाल कमी केली, म्हटलं, येईल हळूहळू जवळ. मागची पावलंही तेवढीच कमी झाली. मी आणखी हळू चाललो. तोही. मग मी पुन्हा आपल्या चालीनं चालायला लागलो.